सड्यावरची वाट आहे तशी राहू द्या : किनारी रस्ते आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगतचे रस्ते आखणारे, मंजूर करणारे आणि त्यांची बिले काढणारे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी,
तसेच किनारी गावांचे सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्य

विषय : सड्यांवरच्या (जांभ्या कातळाच्या उघड्या पठारांवरच्या) जुन्या गाडीवाटा आणि पाखाड्या (दगडी पायवाटा) काँक्रिटखाली घालण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या सड्यावरच्या जुन्या गाडीवाटेचे काँक्रिटीकरण मंजूर झाले आहे, हे आम्हाला ग्रामसभेत कळले नाही. खडीचे डंपर घाटी चढून वर आले तेव्हा कळले. विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, "निधी आलाय, वापरला नाही तर परत जाईल." निधी परत जाऊ नये म्हणून वाट घालवायची, हा हिशेब मला पटला नाही. लेखी अर्ज दिला, त्याची पोच मिळाली आणि विषय तिथेच थांबला. आमच्या गावापुरते असते तर कदाचित गप्प बसलो असतो. पण आजूबाजूच्या गावांतही हेच चालले आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

आधी माझा यात काय संबंध ते सांगतो, म्हणजे मागाहून कोणी काढायला नको. मुचकुंदीच्या खाडीच्या दक्षिणेला माझे घर. थोडी आंब्याची कलमे, थोडी काजूची झाडे आणि पाहुण्यांसाठी दोन खोल्या. या खोल्यांत उतरणारे बहुतेक सायकलवाले असतात. पुण्या-मुंबईचे, कोल्हापूरचे, हल्ली गोव्याहून वर येणारेही. मी स्वतःही सायकल चालवतो. तेव्हा यात माझा स्वार्थ आहे आणि तो मी लपवत नाही.

हे सायकलवाले आमच्याकडे कशासाठी येतात, हे तुमच्यापैकी अनेकांना कोडे वाटते. एका सदस्यांनी मला सरळ विचारले, "चांगला डांबरी रस्ता सोडून हे लोक कातळावर कशाला मरायला जातात?" प्रश्न रास्त आहे. त्यांच्याकडे असते ती ग्रॅव्हल बाइक. हँडल शर्यतीच्या सायकलसारखे खाली वळलेले, पण टायर रुंद, साधारण 40 ते 45 मिलिमीटरचे, आणि त्यांत हवा मुद्दाम कमी ठेवलेली. ही सायकल कच्च्या रस्त्यासाठीच बनवलेली असते. डांबरी रस्ता तिला चालतो, पण त्यासाठी कोणी तीनशे किलोमीटर येत नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण 2011 पासून चालले आहे. त्याच्या कडेने सायकल हाकण्यात काय मजा आहे ते आपण सगळे जाणतोच.

त्यांना हवी असते आमच्या सड्यावरची वाट. पूर्णगडचा पूल ओलांडला की गावखडीचे सुरूचे बन लागते. तिथून पुढे कुठेतरी डांबर सोडायचे आणि गडग्यांमधल्या (रचलेल्या दगडांच्या कुंपणांमधल्या) घाटीने वर चढायचे. घाटी संपते तिथे कलमांची सावलीही संपते आणि एकदम उघडा कातळ लागतो. पावसाळ्यानंतर तो काळपट असतो, फेब्रुवारीपर्यंत त्यावरचे गवत सोनेरी होते. या कातळात दोन चाकोऱ्या कोरलेल्या दिसतात. बैलगाड्यांच्या लोखंडी धावांनी पिढ्यान्‌पिढ्या घासून त्या झाल्या आहेत. वळणावर आतल्या बाजूची चाकोरी जास्त खोल आहे, कारण भरलेली गाडी तिथे कलत असे. सायकलवाल्याने चाकोरीत चाक घातले तर तो अडकतो. त्याला दोन चाकोऱ्यांमधल्या पट्ट्यावरून जावे लागते आणि तिथे सुपारीएवढे लोहयुक्त गोटे पसरलेले असतात. ते चाकाखाली फिरतात. उतारावर पुढचा ब्रेक दाबला की माणूस आडवा. म्हणून वेग कमी, नजर जमिनीवर. मग एका चढावर मान वर करावी तर समोर समुद्र. जूनच्या अखेरीस याच कातळाच्या भेगांतून दीपकाडीची पांढरी फुले वर येतात. ही वनस्पती जगात कोकण आणि गोव्याच्या जांभ्या सड्यांवर सापडते, तेवढीच. पण पावसाळ्यात सड्यावर शेवाळ धरते, तेव्हा मी पाहुण्यांना सायकल घेऊन वर पाठवत नाही. तो हंगाम चालत जाणाऱ्यांचा.

या वाटा उगाच पडलेल्या नाहीत. बंदरातला माल घाटावर आणि घाटावरचा माल बंदरात नेण्यासाठी त्या पडल्या. राजापूर बंदरात इंग्रजांची वखार होती, शिवाजी महाराजांनी 1661 मध्ये राजापुरावर स्वारी केली ती पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला मदत केली म्हणून. तिथला माल अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरकडे चढत असे. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला, घाट चढून जुन्नरला गेला आणि परतीला दाभोळहून जहाजात बसला. पुढच्या काळातले उदाहरण हवे असेल तर महर्षी धोंडो केशव कर्वे घ्या. परीक्षा देण्यासाठी दापोलीजवळच्या मुरुडहून ते साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि तिथे वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही! किल्ले आपण जपायचे म्हणतो. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटले, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्ले आहेत. त्यांचे फलक लागले, मिरवणुका निघाल्या, आनंदच आहे. पण किल्ल्याला दाणा, वैरण आणि माणसे ज्या वाटांनी पोचत होती त्या वाटांचे काय?

आता तक्रारी.

पहिली तक्रार विचारपूस न केल्याची. मी रस्त्यांच्या विरोधात नाही, हे कृपया नीट वाचा. वाडीपर्यंत गाडी गेलीच पाहिजे. आजारी माणसाला डोलीत घालून घाटी उतरवताना मी खांदा दिलेला आहे, मला कोणी रस्त्याचे महत्त्व शिकवू नये. पण सड्यावरची ही गाडीवाट कोणत्याही वाडीला जात नाही. दोन्ही टोकांच्या गावांना खालून डांबरी रस्ता आहे. वर घर नाही, गोठा नाही, शाळा नाही. या वाटेचा उपयोग गुराख्यांना, गवत कापणाऱ्यांना, सड्यावरच्या देवळात वर्षातून एकदा जाणाऱ्यांना आणि आता सायकलवाल्यांना. यांपैकी कोणीही काँक्रीट मागितलेले नाही. मग मागितले कोणी? उत्तर शोधायला गेलो तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

दुसरी तक्रार कामाच्या पद्धतीची, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाणंद रस्ते पक्के करण्याचा विचार मुळात देशावरच्या काळ्या मातीतला. तिथे पावसाळ्यात बैल गुडघाभर चिखलात रुततो, शेतातला ऊस बाहेर निघत नाही. तिथे खडी हवीच. आमच्या सड्यावर चिखल होतो कुठे? खाली अखंड जांभा आहे, निसर्गानेच केलेली फरसबंदी. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि वारा लागला की टणक होतो. उघड्या सड्यावर तर तो हजारो वर्षे वारा खात पडला आहे. अशा दगडावर काही इंच काँक्रीट ओतले की काय होते ते शेजारच्या गावात जाऊन बघा. खालचा कातळ उंचसखल, त्यामुळे काँक्रीट कुठे जाड, कुठे पातळ. पातळ जागी ते एक-दोन पावसाळ्यांत फुटते, कडा तुटतात, आतली खडी उघडी पडते. मग त्या फुटक्या लाद्यांवरून ना गुरे नीट चालत, ना माणूस, ना सायकल. आणि चाकोऱ्या कायमच्या गाडल्या जातात. रस्ता फुटला तर पुन्हा करता येतो, पुन्हा निधी येतो. बैलगाड्यांचा काळ पुन्हा येणार नाही.

पाण्याचाही विचार करा. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्याच्या भेगांतून मुरतो आणि पायथ्याच्या झऱ्यांत, विहिरींत उतरतो. काँक्रीटचा पट्टा हे पाणी अडवून एका बाजूला वळवतो आणि उताराच्या कडेने ओहोळ पाडतो. एक वाट म्हणजे फार नव्हे, हे खरे. पण वाटेला लागून चिरेखाण, खाणीसाठी आणखी रस्ता, रस्त्यालगत प्लॉट, असा क्रम आम्ही डोळ्यांदेखत पाहिला आहे. पक्की वाट झाली की डंपर चढतो, आणि डंपर चढला की सडा सड्यासारखा राहत नाही.

तिसरी तक्रार कातळशिल्पांची. रत्नागिरी, राजापूर, लांजा या तालुक्यांतल्या सड्यांवर शेकडो आकृत्या कोरलेल्या आहेत. 2022 मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांचा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. त्यात उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ ही आमच्या जिल्ह्यातली ठिकाणे, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले एक ठिकाण आहे. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरले आहेत. तो इतका मोठा की जवळ उभे राहिले तर हत्ती आहे हे कळत नाही. ही नावाजलेली ठिकाणे झाली. पण अजून मातीखाली, गवताखाली किती आकृत्या असतील? जेसीबी चालवणाऱ्या पोराला ते कसे कळणार? त्याला दोष नाही. दोष आहे तो काम सुरू करण्याआधी सडा पायी पाहून घेणारा कोणीही न नेमणाऱ्यांचा. एक जाणकार माणूस आणि फार तर दोन दिवसांचे काम, एवढाच खर्च आहे.

चौथी, कुंपणांची. गावाबाहेरच्या कोणीतरी सड्याकडेची जमीन घेतली की आधी गडगा फोडून सिमेंटचे खांब, मग तारा, मग लोखंडी गेट आणि त्याला कुलूप. वाट पूर्वापार तिथूनच जाते, गाव नकाशावर तुटक रेषेने दाखवलेली आहे, तरी कुलूप. सायकलवाले मोबाइलमध्ये वाटेची फाइल घालून येतात, ती फाइल त्यांना बरोबर गेटपाशी आणून सोडते. ते बिचारे सायकली खांद्यावर घेऊन गडगा चढतात, चिरा निखळतो, मग जमीनमालक आमच्यावर ओरडतो. कायद्यात शेताकडे जाणारी वाट अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. 1906 चा मामलतदार न्यायालय अधिनियम त्यासाठीच आहे. पण अडवल्यापासून सहा महिन्यांत दावा करावा लागतो आणि दावा करणाऱ्याचे शेत असावे लागते. सड्यावरच्या वाटेने जाणाऱ्याचे शेत तिथे नसते. म्हणजे ज्या वाटेवर सगळ्यांचा पाय पडतो तिच्यासाठी उभा राहणारा कोणी नाही. हे काम ग्रामपंचायतीचे आहे. सरपंच, तुम्हाला हे अवघड जाते, कारण जमीन विकणारा आपल्याच भावकीतला असतो, हे मला माहीत आहे. तरीही ते तुमचेच काम आहे.

पाचवी तक्रार छोटी. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गासाठी दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर पूल नियोजित आहेत. व्हावेत. पण दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीतून सायकल घेऊन खाडी ओलांडणे हा या प्रवासाचा निम्मा आनंद आहे आणि जेटीवरच्या चहावाल्याची पूर्ण कमाई आहे. पूल झाला की फेरी बंद करायची घाई करू नका, आणि पुलावर पायी व सायकलने जाणाऱ्यांसाठी वेगळी कडा ठेवा. वाळूच्या डंपरच्या शेजारून, भर वाऱ्यात, कठड्याला चिकटून लांब पूल पार करणे हे धाडस नव्हे, मूर्खपणा आहे.

आणि एक भीती. हे पत्र वाचून कोणाच्या मनात "सायकल पर्यटन विकास" अशी योजना आली, तर कृपया थांबा. सड्यावर पेव्हर ब्लॉक, निळ्या रंगाचा पट्टा, दोन सिमेंटचे डॉल्फिन आणि एक सेल्फी पॉइंट, हे आम्हाला नको आहे. या वाटेला विकासाची गरजच नाही. तिला फक्त कोणी हात लावू नये.

सायकलवाल्यांनाही चार शब्द सांगायला हवेत, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. कातळशिल्पांवरून सायकल नेणारे मी पाहिले आहेत. चित्राच्या मध्यभागी सायकल उभी करून फोटो काढायचा आणि टाकायचा. बेडे (वाटेवरचे फाटक) उघडून आत गेले की बंद न करणारेही आहेत, मग गुरे कलमांत शिरतात. अशांना मी खोली देत नाही. गावानेही देऊ नये.

आता मागण्या. त्या साध्या आहेत आणि बहुतेकांना पैसा लागत नाही.

ज्या सड्यावरच्या वाटेने कोणत्याही वस्तीला जाता येत नाही, तिथली मंजूर कामे आज आहेत त्या टप्प्यावर थांबवावीत. तोच निधी ज्या वाड्यांना अजून रस्ता नाही त्यांना द्यावा. अशा वाड्यांची नावे प्रत्येक ग्रामसेवकाला तोंडपाठ असतात.

प्रत्येक किनारी गावाने गाव नकाशावरच्या जुन्या गाडीवाटा आणि पाखाड्यांची यादी करून ती ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि ठरावात घ्यावी. म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन वाटा प्रत्यक्ष चालून पाहाव्यात. नकाशावर नाहीत पण वापरात आहेत, अशाही वाटा निघतील. त्या वेगळ्या लिहाव्यात.

यादीतल्या वाटेवर गेट असेल तर त्याला कुलूप नसावे. गुरांसाठी बेडे चालेल, माणसाला आणि सायकलला अडवणारे चालणार नाही. कुलूप असेल तर ग्रामपंचायतीने स्वतः तहसीलदारांकडे जावे, एकट्या-दुकट्या गावकऱ्यावर सोडू नये.

सड्यावर कोणतेही यंत्र चढवण्याआधी कातळशिल्पांची पाहणी व्हावी आणि तिचा लेखी अहवाल कामाच्या फाइलला लावलेला असावा. शिल्पांच्या भोवती सुट्या चिऱ्यांची नुसती रांग मांडली तरी सायकल आणि मोटरसायकल बाहेर राहते. त्यासाठी लोखंडी जाळी नको.

पाखाडी किंवा घाटी खचली असेल तर ती जांभ्याच्या चिऱ्यांनीच दुरुस्त करावी, काँक्रिटने नव्हे. पाखाडी बांधणारे गवंडी अजून आहेत, पण थोडे. त्यांच्या हाताखाली पोरे तयार होतील एवढे काम वर्षाला काढावे. ठेकेदार बाहेरून आणायची गरज पडणार नाही, आणि कदाचित अडचण नेमकी तिथेच असेल.

नवीन खाडीपुलांच्या आराखड्यात पादचारी आणि सायकलची कडा दाखवलेली आहे की नाही, हे जाहीर करावे. नसेल तर आताच घालावी. पूल बांधून झाल्यावर ती घालता येत नाही.

या मागण्यांवर "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल" असे छापील उत्तर नको आहे. कोणती मागणी मान्य, कोणती अमान्य आणि अमान्य असेल तर का, एवढे लिहून कळवावे. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे, आणि आजूबाजूच्या गावांतली मंडळीही आपापल्या ग्रामसभेत मांडणार आहेत. तुमचे उत्तर त्याआधी आले तर ते तिथे वाचून दाखवू. आले नाही तर अर्जाची पोच वाचून दाखवू.

कळावे,
आपला,
मुचकुंदीच्या दक्षिणतीरावरचा एक सायकलवाला